चिऊताईने दार का उघडले नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शांती, सहिष्णुता, बंधुता हे शब्द फळ्यावर लिहायचे, एखादी बोधकथा वाचून दाखवायची आणि ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ असे विचारून तात्पर्य वहीत उतरवून घ्यायचे, ही मूल्यशिक्षणाची रीत मी शिक्षक म्हणून बरीच वर्षे इमानाने पाळली. तिच्यात गोष्टीचेच काम अर्धवट राहते, हे मला उमगले ते ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर.

शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात तेव्हा मी तिसरीला शिकवत होतो. पूर ओसरून शाळा भरली, तेव्हा भिंतीवरची पाण्याची रेघ मुलांच्या डोक्याच्या वर होती आणि वर्गात दोन तट पडले होते: घरे बुडालेली नदीकडच्या गल्लीतली मुले आणि कोरडी राहिलेली उंचावरची. सानुग्रह अनुदान कोणाला मिळाले, पंचनाम्यात कोणाचे नाव राहिले, ही घरातली भांडणे मुले दप्तरातून वर्गात आणत होती. काय बोलावे ते न सुचून मी चिऊ-काऊची गोष्ट सांगायला घेतली. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून गेले, इथवर आलो आणि वर्ग एकदम गप्प झाला. आजवर असंख्य वेळा सांगितलेली ही गोष्ट मुळात एका पूरग्रस्ताची आहे, हे मला तेव्हा कळले. ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’ या वाक्याला एरवी मुले हसत. त्या दिवशी, शाळा उघडल्यापासून एक शब्दही न बोललेला एक मुलगा चिडून म्हणाला, ‘तिला दार उघडायला काय झालं?’ त्यावर उंचावरच्या गल्लीतली एक मुलगी म्हणाली, ‘तिच्या घरात जागा नसेल. आमच्या घरात एकोणीस माणसं होती.’

मी तात्पर्य सांगितले नाही; खरे तर मला ते सुचलेच नाही. पुढचे काही दिवस मुले त्याच गोष्टीचे नाटक करत राहिली. रद्दीच्या कागदाचे पंख झाले, कावळा सगळ्यांनाच व्हायचे होते, म्हणून पाळी लावली, आणि अशा रीतीने कोरड्या घरातली मुलेही दाराबाहेर उभी राहिली. दार उघडायचे की नाही, हे रोज नव्याने ठरे. गावातली भांडणे थांबली नाहीत, वर्गातली मात्र निवळली. गोष्टीने सगळे बरे होते, असा माझा दावा नाही. दोन मुलांची झोप उडाली होती, त्यांना डॉक्टरांकडेच न्यावे लागले. परंतु ‘तुला भीती वाटली का?’ असे विचारल्यावर मान खाली घालणारे मूल ‘कावळ्याला काय वाटले असेल?’ या प्रश्नावर भरभरून बोलते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’त 42 रात्री आहेत. त्यातली आई आपण उचलली. रोज रात्री एकाने आपले मन उघडावे आणि बाकीच्यांनी ते ऐकावे, ही मांडणी मात्र शाळेत आलीच नाही. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमात वस्त्यांमधली मुले स्वतःच्या जगण्यावर स्वतः नाटके लिहून सादर करतात, हे त्याच वाटेवरचे काम आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कथाकथन आणि कलांच्या आधारे शिकवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या शंभराहून अधिक असल्यास, कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद 2009 पासून आहे. प्रत्यक्षात परीक्षा जवळ आली की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा जातो, आणि तो गणिताला देणाऱ्यांत मीही होतो. शिक्षण विभागाने निदेशकांची पदे नियमित भरावीत आणि पहिलीपासून आठवड्यातला एक तास गोष्ट व नाटकासाठी राखावा, एवढीच मागणी आहे. मात्र त्या तासाला गुण ठेवू नयेत.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर