टॅक्सचा दर एकाच जागी लिहायला कॉलेजात कधी शिकवणार?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

२०२५ च्या घटस्थापनेला म्हणजे २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले, तूप-लोणी १२ वरून ५ टक्क्यांवर आलं, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर, पेपरात त्याचं भरपूर छापून आलं आणि ते बरोबरच आहे. पण त्या आठवड्यात छोट्या दुकानदारांच्या बिलिंग सॉफ्टवेअरची जी तारांबळ उडाली त्याबद्दल माझ्या तरी काही वाचनात आलं नाही, म्हणून हे पत्र. मी सांगलीत अशाच प्रोग्रामची देखभाल करतो.

एका किराणा दुकानाचं सांगतो. प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला, कुणीतरी कॉलेजात असताना करून दिलेला. बिल बरोबर ५ टक्क्यांनी निघत होतं पण कोटेशन १८ नी, आणि महिन्याच्या रिपोर्टातला टॅक्स बिलांशी जुळेना. कोडच्या फाइली उघडल्या तर बिल डॉट पाय मध्ये दरांचा तक्ता, कोटेशनच्या फाइलीत तोच कॉपी-पेस्ट, रिटर्न डॉट पाय मध्ये परत तोच, आणि रिपोर्टात पण तोच फक्त व्हेरिएबलचं नाव बदललेलं, म्हणजे सर्च मारला तरी सापडायचा नाही. (रिटर्न हा पायथनचा राखीव शब्द आहे, त्या नावाची फाइल इम्पोर्ट करायला, म्हणजे तिचा कोड दुसऱ्या फाइलीत वापरायला बोलावू गेलात की सरळ सिंटॅक्स एरर, भाषेचा नियम मोडल्याची चूक. तशी ती कुणी कधी इम्पोर्ट करून बघितलीच नव्हती म्हणा.)

बरं, सगळीकडे १८ चे ५ केले की झालं असंही नाही. २० सप्टेंबरला १८ टक्क्यांनी विकलेली शाम्पूची बाटली २५ ला परत आली तर क्रेडिट नोट, म्हणजे पैसे परत दिल्याची नोंद, जुन्याच दराने काढावी लागते, कारण ती मूळ बिलावरची असते. म्हणजे नुसता आकडा लिहून भागत नाही, माल आणि तारीख दिली की दर सांगणारं एक फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, लागतं आणि ते एकाच फाइलीत लागतं, टॅक्स डॉट पाय म्हणा, बाकीच्या फाइलींनी फक्त वर एक ओळ लिहून ते इम्पोर्ट करायचं. एवढंच काम आहे, पण ते कुणी करत नाही.

का नाही करत असं नव्या पोरांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, इम्पोर्ट चालत नाही." आणि खरंच चालत नाही हो, त्यांचं खोटं नाही. कॉमन नावाचा एक फोल्डर, शेजारी बिलिंगचा दुसरा, आणि बिलिंगच्या फोल्डरातली फाइल थेट रन केली की पायथन आधी त्या फाइलीच्या स्वतःच्या फोल्डरात बघतं, मग स्वतःच्या लायब्ररीत, मग पिपने, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरने, टाकलेल्या तयार पॅकेजेसमध्ये. शेजारचा फोल्डर या यादीत नसतोच, त्यामुळे मोड्यूल (म्हणजे कोडची फाइल) नॉट फाउंड एरर. मग पोरं इंटरनेटवरून सिस डॉट पाथ डॉट अपेंड, म्हणजे या यादीत फोल्डर वाढवणारी ओळ, उचलतात आणि त्यात आपल्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपचा पत्ता टाकतात, घरी चालतं, दुकानातल्या पीसीवर बोंबलतं, की परत आपलं कॉपी-पेस्ट. खरं तर प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरात उभं राहून पायथन हायफन एम ही कमांड करून मोड्यूलचं नाव दिलं की काम होतं, नाहीतर पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ही प्रोजेक्टची माहिती देणारी एक फाइल करून पिप इन्स्टॉल हायफन ई ने आपलाच कोड पॅकेज म्हणून टाकायचा, मग कुठल्याही फोल्डरातून चालवा. दहा मिनिटांत सांगून होण्यासारखी गोष्ट आहे ही.

आणखी एक, काही जण उत्साहाने यूटिल्स नावाची फाइल करतात आणि त्यात टॅक्स, प्रिंटर, एसएमएस, डेटाबेस सगळंच कोंबतात. पहिल्यांदा इम्पोर्ट होताना अख्खी फाइल वरपासून खालपर्यंत चालते, म्हणजे तुम्हाला हवा असतो फक्त दर आणि तिकडे डेटाबेसचं कनेक्शन उघडतं, प्रिंटर बंद असला तर प्रोग्राम तिथेच आडवा. त्यात बिलिंग स्टॉकला बोलावतंय आणि स्टॉक बिलिंगला, की पार्शली इनिशियलाइज्ड (अर्धवट चाललेलं) मोड्यूल असा एरर येतो आणि पोरगं रात्रभर गूगल करत बसतं. दोघांना लागणारं तिसऱ्या फाइलीत काढायचं आणि त्या तिसरीने या दोघांपैकी कुणालाच इम्पोर्ट करायचं नाही, संपलं.

काही मित्र म्हणतात एकावर सगळे अवलंबून ठेवणं धोक्याचं, २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यावरचं लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं तेव्हा कुठले कुठले प्रोजेक्ट बंद पडले ते बघा. पण ते परक्याच्या हातात होतं. आपली टॅक्सची फाइल आपल्याच फोल्डरात असते, ती कोण काढून नेणार?

माझा राग पोरांवर नाही. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, डिप्लोमा, माझ्याकडे येणारा कुणीही बघा, प्रॅक्टिकलची प्रत्येक स्लिप एका फाइलीत संपणारी, जर्नलमध्ये प्रिंटआउट लावायचा, प्रोजेक्टला स्पायरल बाइंडिंग आणि व्हायवाला "इम्पोर्ट म्हणजे काय" याची पाठ केलेली व्याख्या. कोड चार फाइलींत कसा वाटायचा हे विचारतंय कोण? विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी आणि तंत्रशिक्षण मंडळाने सिलॅबस बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. यंदाच्या प्रोजेक्ट परीक्षेला एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरच्या परीक्षकाने, एवढंच सांगावं, हा एक दर आत्ता माझ्यासमोर बदल आणि बिल, कोटेशन, रिपोर्ट तिन्ही काढून दाखव. किती फाइली उघडाव्या लागल्या त्यावरून मार्क द्यावेत.

आपला,
एक वाचक, सांगली