इच्छामरणाचा कायदा आणि खाटेशेजारचा डॉक्टर

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत इच्छामरणावर आलेला लेख वाचला. ऑस्ट्रेलियात डॉक्टरांना रुग्णाचे आयुष्य संपवण्याची ‘मुभा’ मिळाली आहे, असे त्यात म्हटले आहे. मी गेली चौदा वर्षे व्हिक्टोरिया राज्यातल्या मिल्ड्युरा येथे फॅमिली डॉक्टर आहे आणि तिथल्या इच्छामरणाच्या कायद्याखाली समन्वयक डॉक्टर (रुग्णाची मागणी घेऊन पुढची सगळी प्रक्रिया सांभाळणारा डॉक्टर) म्हणून कामही केले आहे. मला तो शब्द खटकला, कारण या कायद्याने डॉक्टरच्या पदरात मोकळीक कमी आणि राखणदारी जास्त घातली आहे.

व्हिक्टोरियाचा कायदा 2017 मध्ये संमत होऊन 19 जून 2019 पासून लागू झाला. रुग्ण प्रौढ हवा, निर्णय घेण्याची त्याची क्षमता शाबूत हवी, आणि आजार बरा न होणारा, सहा महिन्यांत (मज्जासंस्थेच्या ऱ्हासाचा असल्यास बारा महिन्यांत) मृत्यू ओढवेल असा हवा, अशा त्यातल्या मुख्य अटी होत्या. दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासायचे, दोघांनीही ठरलेले प्रशिक्षण घेतलेले असायचे आणि किमान एकाला त्या विशिष्ट आजाराचा अनुभव असायचा. रुग्णाने तीनदा मागणी करायची, मधली लेखी आणि दोन साक्षीदारांसमोर. पहिल्या आणि शेवटच्या मागणीत किमान नऊ दिवसांचे अंतर. त्यानंतर आरोग्य खात्याचा परवाना. न्यायालयाची पूर्वपरवानगी लागत नाही, आणि या प्रकरणांवर देखरेख ठेवणारे पुनरावलोकन मंडळ पाहते ते आम्ही भरलेले कागद. रुग्ण मनापासून बोलतो आहे की घरच्यांना आपले ओझे झाले म्हणून बोलतो आहे, हे कागदावर येण्याआधी कुणीतरी ओळखावे लागते, आणि ते काम डॉक्टरचेच असते.

माझ्याकडे आलेल्या एका द्राक्ष बागायतदाराला मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी होण्याचा आजार होता. (मिल्ड्युराला बेदाणा होतो, रॅकवर वाळत घातलेली द्राक्षे पाहिली की मला माझे तासगाव आठवते.) त्याची वाचा गेली होती, हात उचलत नव्हते. अक्षरांचा पारदर्शक फलक समोर धरायचा, त्याची नजर कुठल्या अक्षरावर थांबते ते पाहायचे आणि एकेक शब्द जुळवायचा, असे आमचे संभाषण चाले. कायद्याला खुणेने केलेली मागणी चालते, पण ती खूण निःसंदिग्ध आहे की नाही हे मला ठरवायचे होते. पहिल्या भेटीत त्याची बायको त्याचा प्रत्येक शब्द अर्ध्यावरच पूर्ण करत होती. त्यात तिची मायाच होती, तरी मला तिला थोडा वेळ बाहेर बसायला सांगावे लागले. एकटा असताना त्याने जुळवलेल्या पहिल्या वाक्यात मरणाचा उल्लेखही नव्हता. रात्री श्वास कोंडतो आणि मास्क नीट बसत नाही, एवढेच त्याला सांगायचे होते. तोवर त्याने केवळ चौकशी केली होती, औपचारिक मागणी नव्हे. मास्क बदलला, मॉर्फिनची मात्रा बदलली, पॅलिएटिव्ह केअरची (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेची) नर्स रोज येऊ लागली. तीन आठवड्यांनी, रात्रीची झोप नीट लागत असताना, त्याने फलकावर स्पष्ट मागणी केली, तेव्हा मी पहिला फॉर्म उघडला.

मग त्या आजाराचा अनुभव असलेला दुसरा डॉक्टर म्हणून न्यूरॉलॉजिस्टचा शोध सुरू झाला. तो मेलबर्नला, साधारण साडेपाचशे किलोमीटरवर. व्हिडिओ कॉलवर हे काम करता येत नव्हते, कारण आत्महत्येला उत्तेजन देणारा मजकूर फोनवरून वा इंटरनेटवरून पाठवण्याविरुद्ध केंद्राचा फौजदारी कायदा आहे आणि राज्याच्या कायद्यानुसार होणारे इच्छामरणही त्या अर्थाने आत्महत्याच ठरते, असा निर्णय फेडरल कोर्टाने नोव्हेंबर 2023 मध्ये दिला. रुग्णाला विमानात बसवणे शक्य नव्हते, म्हणून डॉक्टरच विमानाने आले. विवेकबुद्धीला अनुसरून नकार देण्याचा हक्क तिथे प्रत्येक डॉक्टरला आहे आणि तो असायलाच हवा. पण उरलेल्या मोजक्या डॉक्टरांना वेळ आणि मोबदला कोण देणार याचा विचार केला नाही, तर रुग्णाचा हक्क राजधानीपुरता उरतो.

त्या मूळ कायद्याची एक गोष्ट मला कधीच पटली नाही. रुग्णाने स्वतः विषय काढल्याशिवाय डॉक्टरने तो काढायचा नाही, अशी त्यात बंदी होती. हेतू दबाव टाळण्याचा होता, पण ज्याला हा मार्ग आहे हे ठाऊकच नाही, त्याच्यासमोर मी मूग गिळून बसायचे. पश्चिम ऑस्ट्रेलियाने 2019 च्या आपल्या कायद्यात डॉक्टरला विषय काढण्याची परवानगी दिली. मात्र त्याच वेळी उपचारांचे आणि पॅलिएटिव्ह केअरचे पर्यायही सांगितले पाहिजेत, अशी अट घातली. मला ही तडजोड रास्त वाटते.

भारतात औषध देऊन मृत्यू आणण्यास परवानगी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्य केले ते निरर्थक झालेले उपचार थांबवणे आणि त्यासाठी आधी लिहून ठेवलेले इच्छापत्र. हा फरक आपल्या लेखात पुसट झाला आहे. तरी राखणदार इथेही डॉक्टरच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षे अचेत पडून असलेल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 मध्ये याच न्यायालयाने तिथल्या डॉक्टर-नर्सेसना तिचे खरे निकटवर्ती मानले होते. 24 जानेवारी 2023 च्या सुधारित आदेशानुसार उपचार थांबवण्याबाबत रुग्णालयाने नेमलेल्या डॉक्टरांच्या प्राथमिक मंडळाने आधी मत द्यायचे, मग दुय्यम मंडळाने, दोघांनीही शक्यतो 48 तासांत. आणि दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर हवा.

माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी नोटरीसमोर असे इच्छापत्र केले होते. गेल्या वर्षी महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात त्या अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. तिथल्या डॉक्टरांची इच्छापत्राला हरकत नव्हती. दुय्यम मंडळासाठी जिल्ह्याकडून कोणाला बोलवायचे, हे मात्र त्यांना कोणी सांगू शकले नाही. अकराव्या दिवशी त्या व्हेंटिलेटरवरच गेल्या आणि तो प्रश्न तसाच राहिला.

राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात दुय्यम मंडळासाठी डॉक्टर नेमलेला आहे का, त्याच्याशी संपर्क कुठे साधायचा आणि या कामाचे प्रशिक्षण त्याला मिळाले आहे का, ही माहिती आपल्या वार्ताहरांनी मिळवून जिल्हावार छापावी, अशी विनंती आहे.

– मिल्ड्युरा, ऑस्ट्रेलिया येथील एक मराठी डॉक्टर