कुठल्या फोटोला किती डीपीआय?

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, घरातले जुने फोटो स्कॅन करताना स्कॅनरच्या यादीत डीपीआयचे ३०० पासून पार ४८०० पर्यंत आकडे दिसतात, त्यातला कुठला निवडू, असं तुम्ही विचारलंत. फोनवर घाईत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून नीट लिहून पाठवते.

डीपीआय म्हणजे एका इंचात स्कॅनर किती ठिपके टिपतो तो आकडा. त्यामुळे सगळ्यांना एकच आकडा लावून चालत नाही. समोरची वस्तू केवढी आहे आणि तिच्यात मुळात किती बारकावे आहेत, ते बघावं लागतं.

अल्बममधल्या कागदी फोटोंना सरसकट ६०० ठेवा. ४ बाय ६ इंचांच्या फोटोचे त्यात २४०० बाय ३६०० ठिपके होतात. उद्या तो दुप्पट मोठा, ८ बाय १२ इंचांचा छापायचा म्हटलं तरी इंचाला ३०० ठिपके उरतात आणि छपाईला तेवढे भरपूर झाले. १२०० केलंत तर ठिपके चौपट होतात, २६ एमबीची फाइल शंभराच्या वर जाते, आणि हाती येतो तो बहुतेक वेळा कागदाचा पोत. कागदी प्रिंटमध्ये मुळात तेवढे बारकावे नसतातच. पासपोर्टचे फोटो आणि आजोबांच्या कॅमेऱ्यातले ते चिमुकले चौकोनी कृष्णधवल प्रिंट यांना मात्र १२०० द्या. ते आकारानेच लहान आहेत, मोठे करून बघावेसे वाटणारच.

आता निगेटिव्ह. माझा खरा जीव त्यात अडकला आहे. मागे मी एक पट्टी खिडकीसमोर धरून बघितली होती. अल्बममधल्या त्या फोटोत आईचा खांदा अर्धा कापला गेलाय ना, तो निगेटिव्हमध्ये अख्खा आहे. शिवाय मागे दाराच्या चौकटीला टेकून काकू उभी आहे, जी प्रिंटमध्ये दिसतच नाही! प्रिंट काढताना कडा अशा थोड्याफार कापल्या जातात, आणि उजेड-सावलीचे बारकावेही निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा जास्त असतात. म्हणून ज्या फोटोची निगेटिव्ह सापडेल, त्याची निगेटिव्हच स्कॅन करायची.

पण ती केवढीशी! ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. ६०० ला तिचे पाच लाखसुद्धा ठिपके होत नाहीत. २४०० ला पाऊण कोटीच्या वर जातात, ३२०० ला जवळपास एक कोटी सदतीस लाख. मला ३२०० हवं आहे. स्कॅनरच्या खोक्यावर याहून मोठे आकडे असतात, त्यांच्यामागे जाऊ नका. माहितीपत्रकात ‘ऑप्टिकल’ लिहिलेला आकडा तेवढा बघायचा. त्यापुढचे ठिपके सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतं, म्हणजे दुधात पाणी घालून माप वाढवायचं. ऑप्टिकल आकडाही स्वस्त यंत्रात पुरता मिळतोच असं नाही.

दुसरं म्हणजे, फिल्मला पलीकडून उजेड लागतो. तुमच्या स्कॅनरच्या झाकणात फिल्मसाठी दिवा नसेल, तर निगेटिव्ह त्यात घालूच नका. मी येईन तेव्हा घेऊन जाईन. तोवर कोरड्या जागी ठेवा आणि हात लावायची वेळ आलीच तर फक्त कडेला धरा. फिल्म स्कॅनरमध्ये धूळ काढण्याची सोय असते. ती रंगीत निगेटिव्हना छान चालते, नेहमीच्या कृष्णधवलना नाही. ती चालते इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर, आणि कृष्णधवल फिल्ममधली चांदी तो प्रकाश अडवते, त्यामुळे चित्रच धूळ समजून पुसलं जातं. तिथे हलक्या ब्रशनेच धूळ झटकायची.

कृष्णधवल फोटोसुद्धा ‘कलर’वरच स्कॅन करा. पिवळेपणा, शिक्का, शाईचा डाग, सगळं जसंच्या तसं येऊ दे. रंग आपोआप सुधारणारं बटण बंद ठेवा. ते काम नंतर कधीही करता येतं. मूळ फाइल ‘टिफ’ प्रकारात ठेवा, म्हणजे त्यातलं काही गळत नाही, आणि पाठवापाठवीला तिची लहान ‘जेपेग’ प्रत. जेपेग दुरुस्त करून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होत जाते.

सुरुवात रंगीत फोटोंपासून करा, कारण त्यांचे रंग उडताहेत. कृष्णधवल अजून धीर धरतील. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर ओढू नका, अख्खं पानच काचेवर ठेवा.

आई, एक काम तुझंच आहे. फोटोच्या पाठीमागे काही लिहिलेलं असेल तर ती बाजूही स्कॅन करायची, त्याला ३०० पुरे. आणि जिथे काहीच लिहिलेलं नाही, तिथे कोण, कुठे, साधारण कधी, हे बाबांना सांग आणि बाबा, ते फाइलच्या नावात लिहा. निम्म्या चेहऱ्यांची नावं तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत, आणि मला ती सगळी हवी आहेत.

पहिले दोन-चार स्कॅन झाले की पाठवा. आकडे बरोबर लागलेत का, ते बघून लगेच कळवते.

तुमची लेक