पावसाळी कोकणात मोटरहोमला थांबायला जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढात कोकणात निघालो म्हटल्यावर आमच्या मिरजेतल्या शेजाऱ्यांनी विचारलं, "आता तिकडे काय बघणार? सगळं बंद." बंद खूप काही असतं, हे खरंच. मासेमारी 31 जुलैपर्यंत बंद, सुवर्णदुर्ग-सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या बंद, निम्म्या खानावळींना कुलूप. तरीही भाड्याच्या मोटरहोममधून, म्हणजे आत राहता येईल अशा गाडीतून, मी आणि माझ्या यजमानांनी गुहागर ते जयगड जे पाहिलं, ते मे महिन्याच्या गर्दीत आम्हाला कधीच दिसलं नव्हतं.

हेदवीची बामणघळच घ्या. उमामहेश्वराच्या देवळामागे काळ्या कातळात ही अरुंद घळ आहे. देवळापाशी भेटलेल्या आजोबांनी बोटांवर हिशेब केला: आज त्रयोदशी, तिथीची पाऊणपट केली की पावणेदहा, तेव्हा भरती पूर्ण. नऊ वाजल्यापासून आम्ही लांब उभे राहून पाहत होतो. आभाळ आणि समुद्र एकाच राखाडी रंगाचे, मध्ये रेघसुद्धा नाही. लाट घळीत शिरायची, दोन क्षण काहीच नाही, मग आतून दणका बसायचा आणि पाणी सरळ वर उसळायचं. पाऊस कुठला आणि तुषार कुठले, कळत नव्हतं. ओला कातळ भयंकर निसरडा असतो, पुढे जाण्याचा मोह कुणीही करू नये. भरतीच्या वेळांचा फलक अशा ठिकाणी हवाच. सगळ्यांना तिथी ठाऊक नसते.

दुपारी एका घरगुती खानावळीत आधी फोन केला म्हणून गरम भात, कुळथाची पिठी आणि टाकळ्याची भाजी मिळाली. "या दिवसांत तुम्हीच पहिले," बाई म्हणाल्या. पुढे तवसाळहून फेरीबोटीने गाडीसकट शास्त्री नदीची खाडी ओलांडली आणि जयगड किल्ल्याच्या शेवाळलेल्या तटावरून खाडीचं तोंड पाहिलं. किल्ल्यावर आम्ही दोघंच होतो.

अडचण सुरू झाली ती अंधार पडल्यावर. मोटरहोममध्ये झोपायची, स्वयंपाकाची सोय असते, पण गाडी उभी कुठे करायची? रस्त्याकडेला जांभ्याच्या लाल चिखलात एवढी जड गाडी रुतते. किनाऱ्यावर लावली तर गावकऱ्यांना शंका येते, आणि ती रास्त आहे. गाडीत मैल्याची टाकी असते. ती कुणी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, रिकामी केली तर गावाचंच पाणी नासेल. एका सज्जन कुटुंबाने आम्हाला अंगणात जागा दिली, नळही दिला. पण टाकी रिकामी करायला थेट मिरजेच्या वाटेवर, ओळखीच्या एकांच्या सेप्टिक टँकपर्यंत यावं लागलं.

राज्याने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं, म्हणजे अशा राहण्याच्या गाड्यांतून फिरण्याचं धोरण आणलं, त्यात त्या गाड्या थांबवण्यासाठी कॅरॅव्हॅन पार्कचा विचार आहे. मोठी पार्क होतील तेव्हा होतील. तोवर दाभोळ, तवसाळ, बागमांडला अशा फेरीबोटींच्या धक्क्यांजवळ पाच-सहा गाड्यांपुरती जांभ्याची फरसबंदी, पाण्याचा नळ, एक दिवा आणि सेप्टिक टँकला जोडलेलं झाकणाचं चेंबर एवढंच करावं. रात्रीचं भाडं ग्रामपंचायतीने घ्यावं. आम्ही ते आनंदाने देऊ. पावसाळ्यात आलेला माणूस दूध, किराणा, जेवण गावातूनच घेतो, आणि मासेमारी थांबलेली असताना तो पैसा गावाच्या उपयोगी पडतो.

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या पावसाळ्याआधी निदान एका धक्क्यावर ही सोय करून दाखवावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज