ध्वनिमुद्रणाला ४८ किलोहर्ट्झ पुरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोदाघाटावरील व्याख्याने, देवळांतली कीर्तने, छोट्या मैफली यांचे डिजिटल ध्वनिमुद्रण आता नाशिकमधल्या अनेक संस्था स्वतः करतात, ही आनंदाची गोष्ट. पण यंत्रावर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापे घ्यायची तो दर, निवडताना आकडा मोठा तेवढा आवाज चांगला, असे समजून थेट १९२ किलोहर्ट्झ लावला जातो. हे टाळावे.

सेकंदाला आवाजाची जितकी मोजमापे घ्याल, त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपने मुद्रित होतात. माणसाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे ४८ हजार मोजमापे, त्याचे निम्मे २४ हजार. म्हणजे तंबोऱ्याची जवारी असो की टाळांची किणकिण, ४८ मध्ये ऐकू येणारे सगळे मावते. १९२ ने कानाला जास्त काही मिळत नाही, कार्ड मात्र भरते. २४ बिट (प्रत्येक मोजमापाची बारकाई) स्टिरिओची तासाभराची फाइल ४८ वर साधारण १ जीबीची, १९२ वर ४ जीबीहून मोठी. साध्या वेव्ह फाइलची मर्यादाच ४ जीबीच्या आसपास असल्याने तासाभरानंतर काही यंत्रे नवी फाइल उघडतात, काही चक्क थांबतात.

व्हिडिओचा आवाज ४८ वर चालतो, म्हणून कॅमेरा, मिक्सर, रेकॉर्डर सगळे ४८ वरच ठेवावे. ४४.१ ची (हा सीडीचा दर) फाइल ४८ ची समजून वाजवली गेली, तर तासाची मैफल पंचावन्न मिनिटांत संपते आणि काळी एकचा गायक पांढरी दोन व काळी दोनच्या मध्येच कुठेतरी गाऊ लागतो. दोन वेगळी यंत्रे एकाच दरावर असली तरी तासाभरात ओठ आणि शब्द किंचित सुटू शकतात. नंतर जुळवता यावे यासाठी सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी दोन्हींवर घ्यावी. सीडी काढायची असेल, तर ४४.१ मध्ये रूपांतर सगळे संपादन झाल्यावर एकदाच करावे.

खरे लक्ष मुद्रित होणाऱ्या आवाजाच्या पातळीकडे हवे. यंत्राच्या मीटरवर शून्य ही वरची हद्द. २४ बिट निवडून सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे बघावे. टाळ्या आणि पखवाजाची थाप अंदाजापेक्षा मोठीच येते, आणि शून्याला टेकून फाटलेला आवाज कोणत्याही दराने दुरुस्त होत नाही.

जुन्या कॅसेटींसाठी मात्र ९६ वापरणे योग्य. जतनासाठी तो दर मान्य आहे, आणि पुढे खरखर काढायला उपयोगी पडतो. पण आधी हेड, म्हणजे कॅसेटची फीत वाचणारा प्लेअरमधला भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. मग आवाज मोनो करून हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी हळू फिरवावा. ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ उमटले की तिथेच थांबावे. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावे लागते. हेड तिरपे राहिले, तर वरचे स्वर तिथेच जातात आणि ९६ काय, १९२ नेही परत येत नाहीत.

एमपी थ्री वाटण्यापुरती ठेवावी. मूळ वेव्ह फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, एक संस्थेत आणि एक बाहेर, जपावी अशी सर्व संस्थांना विनंती.

– एक ध्वनिमुद्रक, पंचवटी, नाशिक