लिस्बनच्या वहीत माझ्या वडिलांचं नाव आहे. ते परकी आहेत का?

माननीय केंद्रीय गृहमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

माझे वडील 1941 साली डिचोलीत जन्मले. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं, म्हणून त्यांचा जन्मदाखला पोर्तुगीज भाषेत आहे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि 28 मार्च 1962 च्या आदेशाने इथले लोक भारताचे नागरिक ठरले. ज्याला पोर्तुगीजच राहायचं असेल त्याने महिन्याभरात तसं लिहून द्यायचं होतं. काहींनी दिलं. त्यांतल्या एका पाद्रींचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 साली निकाल सरकारच्या बाजूने लागला. आमच्या घरातून कुणी काही लिहून दिलं नाही, तसं काही मनातही नव्हतं. 1967 च्या जनमत कौलात वडिलांनी फुलावर शिक्का मारला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणून मत देणाऱ्यांतले ते. विलीनीकरणवाले हरले, ही गोष्ट वेगळी. (त्यावर आमच्याकडे जेवताना अजूनही वाद होतो.)

याच माणसाची जन्मनोंद काही वर्षांपूर्वी पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात झाली आहे.

तिथवर गोष्ट कशी गेली ते सांगते. माझा धाकटा भाऊ खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकचा मालक होता. कर्ज काढून घेतलेला टिपर, दारातच उभा असायचा. 2012 साली खाणी बंद झाल्या आणि डिचोली-सांखळी पट्ट्यातले ट्रक जागेवर गंजायला लागले. पुढे खाणी सुरू होणार असं ऐकू यायचं, थोड्या सुरूही झाल्या, आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाण-लिजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा सगळं थांबलं. तोवर भाऊ वाट बघून थकला होता. पोर्तुगालचा कायदा असा, की 1961 पूर्वी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना त्या देशाचं नागरिकत्व मागता येतं. पण मुलाला मागायचं तर आधी बापाचा जन्म लिस्बनच्या वहीत चढावा लागतो. वडिलांनी सांगितलं तिथं सही केली. त्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट काढला नाही. लिस्बन त्यांनी कधी पाहिलंही नाही. भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेला आणि गोदामात रात्रपाळीला लागला. पोर्तुगाल 1986 पासून युरोपच्या समुदायात असल्यामुळे ब्रेक्झिटपर्यंत, म्हणजे ब्रिटन त्यातून बाहेर पडेपर्यंत, ही वाट खुली होती. 2020 संपताना ती बंद झाली, आधी पोचलेले राहिले.

महोदय, भावाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला, तेव्हा 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार तो भारताचा नागरिक उरला नाही. दुहेरी नागरिकत्व मागणाऱ्यांतली मी नाही. त्याचं मत इथं नको, हेही मला मान्य आहे. माझा प्रश्न वडिलांचा आहे. कलम 9 म्हणतं, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व मिळवलं तर भारतीयत्व संपतं. वडिलांनी मिळवलं काय? पोर्तुगालच्या लेखी ते जन्मापासूनच त्यांचे होते, लिस्बनने फक्त जुन्या दाखल्याची नोंद घेतली. पासपोर्ट घेणं हा नागरिकत्व गेल्याचा पक्का पुरावा, असं आपले नियम स्पष्ट सांगतात. नुसत्या जन्मनोंदीबद्दल तेवढं स्पष्ट कुठंच सांगत नाहीत. त्यामुळे मतदारयादीच्या वेळी गावातला कुणीही उठतो आणि बोट दाखवतो. राजकारणात तर हे सोयीचं हत्यार झालंय.

गंमत अशी, की त्याच राजवटीच्या वह्या सरकारला बाकी सगळीकडे चालतात. गोव्याच्या कुटुंबकायद्याचा पाया 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता आहे आणि समान नागरी कायद्याचा विषय निघाला की दिल्लीतले नेते कौतुकाने गोव्याचंच नाव घेतात. वारसाच्या भांडणात पोर्तुगीज काळातला दाखला काढून आणा असं आम्हाला सांगितलं जातं. तोच दाखला लिस्बनला पोचला की संशयास्पद.

भावाचं दुखणं निराळं. पोर्तुगीज नागरिक झाल्यावर भारतीय पासपोर्ट परत करून तसं प्रमाणपत्र घ्यायचं असतं, आणि ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला इथं ये-जा करू देणारं कार्ड) ते लागतं. पुष्कळांनी ते वेळेत केलं नाही, काहींनी मधल्या काळात भारतीय पासपोर्ट वापरलाही. ही चूकच. त्याचा दंड घ्या. पण 2022 च्या अखेरीपासून अशांचे पासपोर्ट रद्द होऊ लागले, आणि रद्द झालेल्याला परत केल्याचं प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून ओसीआयही नाही. एप्रिल 2024 मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, रद्द केल्याचा आदेशही चालेल असं ज्ञापन निघालं. ज्ञापनाचं काय, आज एक येतं, उद्या त्याच्या जागी दुसरं. पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालयाकडे, नागरिकत्व आपल्याकडे, आणि माणूस दोन्ही दारांच्या मधे. आई गेली तेव्हा भाऊ व्हिसाची वाट बघत होता. बाराव्यालाही पोचला नाही.

‘पोर्तुगीज पासपोर्ट घेणारे देशद्रोही’ असं सभांमधून बोललं जातं, आणि बोलणाऱ्यांना वाटतं की हे फक्त ख्रिश्चनांचं प्रकरण आहे. आमच्या वाड्यावर येऊन बघावं. गोंयकार, म्हणजे गोव्याचा माणूस, कधी एका जागी बसलेला नाही. मुंबईच्या कुडांमध्ये (गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत) राहून तो तारवावर, म्हणजे जहाजावर, गेला, आफ्रिकेत कारकुनी केली, नंतर गल्फात गेला. हिंदू घरांतल्या सोयरिकी तर सावंतवाडी, दोडामार्गापर्यंत पसरलेल्या. माझी आत्या सीमेपलीकडे दोडामार्गात दिलेली. 1955 साली सीमेवरच्या पत्रादेवीला सत्याग्रही पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी पडले आणि भारताने गोव्याची नाकेबंदी आवळली. रेल्वे थांबली. राजकारण म्हणून ती नाकेबंदी योग्य असेलही. पण हाकेच्या अंतरावरच्या माहेरी यायला आत्याला परवाना लागू लागला, तेव्हा ती कुठल्या देशाशी बेइमान झाली होती? सरकारं बदलली, सीमा सरकल्या. दर वेळी कागद मात्र आम्हीच दाखवायचे.

म्हणून मागणं एवढंच. कलम 9 खाली एक नियम संसदेसमोर ठेवून करा: फक्त जन्मनोंद झाली आहे, पासपोर्ट किंवा ओळखपत्र घेतलेलं नाही, अशा व्यक्तीचं नागरिकत्व गेलं की राहिलं. गेलं असेल तर कोणत्या तारखेपासून, आणि तिला आपली बाजू कुठं मांडता येईल. राहिलं असेल तर तसं लेखी पत्र द्या, जे मतदारयादीच्या टेबलावर ठेवता येईल. जे खरोखर पोर्तुगीज नागरिक झाले त्यांना दंड भरून ओसीआयपर्यंत जायची एकच वाट नियमात लिहा आणि दोन्ही मंत्रालयांचं काम एका खिडकीवर आणा. ओसीआयवाल्याला मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तो मागतोय ते घरी येण्याजाण्याचं स्वातंत्र्य.

वडिलांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. नियम व्हायला वेळ लागणार असेल, तर मधल्या काळात अशा नोंदीवरून कुणाचं नाव मतदारयादीतून काढू नये, एवढं तरी निवडणूक आयोगाला कळवावं.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक शिक्षिका