कॉफी लावू, पण दुपारी चारनंतर

कोल्हापूर

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

बंगळूरला कोर्स कसा चाललाय? कॉफी बोर्डाच्या वर्गात दिवसभर कॉफ्या चाखून पोरीला रात्री झोप तरी येते का, असं बाबा विचारतायत. आपल्या बेकरीत कॉफी विकायची म्हणून तू पाठवलेली यादी वाचली. कॅपुचिनो, लाटे, अमेरिकानो, मोका, वर पाच प्रकारची सिरपं. बाबा म्हणाले, करू दे तिला. माझीही ना नाही. फक्त सकाळच्या काउंटरला मी धक्का लागू देणार नाही.

सात ते साडेनऊ आपल्याकडे काय असतं ते तू बघितलंयस. माणूस स्कूटर चालूच ठेवून आत येतो, सुट्टे पैसे काचेवर ठेवतो, पाव-खारी उचलतो की निघाला. त्या गर्दीत एकाने कॅपुचिनो मागितली की दळण, ते दाबून बसवणं, २५-३० सेकंदांची धार, मग दूध फेसाळणं आणि नळी पुसणं. तेवढ्यात मागची आठ गिऱ्हाइकं कोपऱ्यावर जातील, आणि पावाला दुसरीकडे गेलेला माणूस खारीही तिकडूनच घेतो. म्हणून कॉफी चार ते नऊ. तेव्हा क्लास सुटलेली पोरं असतात, पॅटिस गरम असतात आणि ओव्हन बंद असतो.

ओव्हनचं मुद्दाम लिहिते. वायरमन येऊन गेला. ओव्हन आणि मिक्सर एकदम चालू असले की मंजूर भारात फारसं काही उरत नाही. एका ग्रुपचं, म्हणजे कॉफीची धार पडायचं तोंड एकच असलेलं, मशीन १६ अँपिअरच्या वेगळ्या पॉइंटवर भागेल. दोन ग्रुपचं घेतलं तर महावितरणकडे भार वाढवायला अर्ज. मला एकच पुरे वाटतं. बंद पडलेल्या कॅफेचं दोन ग्रुपचं जुनं मशीन निम्म्या किमतीत दाखवायला एक जण आला होता. बाहेरून चकचकीत, पण बॉयलर आतून कसा आहे विचारलं तर गप्प. दुरुस्तीचा माणूस पुण्याहून येणार म्हटल्यावर चहा पाजून त्या विकणाऱ्याला वाटेला लावलं. वाचलेले पैसे ग्राइंडरला घाल. दळण एकसारखं नसेल तर भारीतल्या भारी मशीनमधूनही कॉफी पाणचट नाहीतर कडूजहर, हे तूच लिहिलंस. त्यात आपला पाऊस. जुलैत बरणीतली खारी सादळते, तिथे सकाळी ग्राइंडरवर जुळवलेली दळणाची जाडी संध्याकाळी चालणार नाही. बिया पाव-पाव किलोनेच मागव.

पाणी बोअरचं नको, गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर आठव. पण आरओचं अगदी कोरं पाणीही चालत नाही म्हणे. बॉयलर भरलाय की नाही ते ओळखणारी कांडी फसते. मशीनवाल्याकडून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, किती हवा ते लेखी घे.

खरी डोकेदुखी दुधाची. तुमचे सर म्हणतात ६०-६५ अंशांवर थांबा, पुढे फेस मोडतो आणि उकळल्या दुधाचा वास येतो. बरोबरच असेल. पण आपल्या गिऱ्हाइकाला चहा वाफाळता लागतो. कॉफी म्हणजे त्याच्या डोक्यात लग्नातली, वाफेने फुर्रफुर्र करून दिलेली आणि वर चॉकलेट पावडर भुरभुरलेली. तो तुझ्या कॅपुचिनोला बोट लावून म्हणणार, “कोमट आहे की ओ!” त्याला अंश सांगत बसू नकोस. कप मशीनच्या डोक्यावर तापवून ठेव, आणि पावडर मागितली तर घाल. म्हशीच्या दुधात साय जास्त, कॉफीची चव त्यात दबते. तेव्हा निव्वळ सौम्य अरेबिका बिया न आणता थोडी कडक रोबस्टा असलेलं मिश्रण करून बघ. गाईच्या आणि म्हशीच्या दोन्ही दुधांवर घरी खुशाल प्रयोग कर, बाबा प्यायला आहेतच.

आता पैसे. १८ ग्रॅम बिया एका कपाला घातल्या तर किलोला हजार रुपये धरून अठरा रुपये नुसत्या कॉफीचे. दीडशे मिली दूध नऊ-दहाचं, कागदी कप आणि झाकण पाचाचं. वीज, सांडलवंड, दळण जुळवताना फेकलेल्या कॉफ्या निराळ्याच. तू दीडशे रुपये लावू म्हणतेस. समोर दहा रुपयांना कटिंग मिळतो, हे विसरू नकोस. त्यापेक्षा १८ ग्रॅमची धार दोन छोट्या काचेच्या ग्लासांत वाट, ग्लासाला साठ रुपये लाव. पॅटिसबरोबर घेतली तर दहा कमी. यादीतली तीनच पेयं ठेव, सिरपं एकही नको. उघडलेल्या बाटल्यांना मुंग्या लागतात आणि पैसे फळीवर अडकतात.

बसायला चार स्टुलं ठेवण्याआधी सीएंशी बोलायचंय. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, बेकरीला १ टक्का आणि रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी. कॉफीपायी सगळ्या विक्रीवर पाच टक्के बसले तर तुझा नफा तिथेच गेला.

आणि तुझ्याखेरीज आणखी एकाला मशीन यायला हवं. काउंटरवरच्या सुनीताचा हात हलका आहे, तिला शिकव, पगार वाढवू. रात्री मशीन धुवायचं काम मात्र तिच्या गळ्यात घालायचं नाही, ते आपल्यातल्या कुणीतरी करायचं.

वायरमन शनिवारी पुन्हा येतोय. त्याआधी मशीनचे वॉट आणि लांबी-रुंदी कळव, म्हणजे क्रीमरोलचं कपाट सरकवायचं की काढायचं ते ठरवता येईल.

तुझी,
आई